सोडायचे प्रश्न

एमबीएच्या प्रवेश परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना मी बरीच वर्षं शिकवते आहे. आठवडाभर साताऱ्यात, शनिवार-रविवारी सांगलीत. बहुतेकांना सीईटी द्यायची असते, काहींना आयआयएमसाठी कॅट, आणि अधूनमधून एखादी मुलगी किंवा मुलगा परदेशी जायचं म्हणून जीमॅटसाठी येतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे, ती आधीच सांगते. आपल्याकडची मुलं या परीक्षांत गणितामुळे मागे राहत नाहीत. इंग्रजीमुळे राहतात, पण तेही लोक समजतात तितकं नाही. त्यांचं अडतं ते हातात घेतलेला प्रश्न वेळेवर सोडता येत नाही म्हणून.

याचं मूळ शाळेत आहे, आणि त्यात वाईट काही नाही. दहावी-बारावीला आपणच मुलांना बजावतो, एकही प्रश्न सोडू नकोस. उत्तर आलं नाही तरी पायऱ्या लिही, पायऱ्यांना मार्क असतात. बोर्डाच्या परीक्षेपुरता हा सल्ला अगदी बरोबर आहे. शिवाय हा मुलूख कर्मवीर भाऊराव पाटलांचा. कराडजवळच्या काले गावी १९१९ साली त्यांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यात आली. ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबून शिकलेली माणसं इथे आजही घराघरांत भेटतात. कष्टात माघार घ्यायची नाही, हे त्या घरांत मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. अशा घरातलं पोर पेपरात प्रश्न अर्धा टाकून पुढे कसं जाईल? त्याला ती कामचुकारी वाटते. मला या वृत्तीबद्दल आदर आहे. पण परीक्षा वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे हे मुलाच्या मनाला पटवण्यातच माझा निम्मा वेळ जातो.

सांगलीच्या वर्गात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा यायचा. बुद्धीने तल्लख, अक्षर छापल्यासारखं. कॅटच्या सरावाला बसला की क्वांटमध्ये, म्हणजे गणितात, वर्गात पहिला, आणि डीआयएलआरमध्ये, म्हणजे तक्ते आणि कोड्यांच्या भागात, दर वेळी तळाला. या भागाला चाळीस मिनिटं मिळतात. त्यात चार-पाच सेट असतात, प्रत्येक सेटवर चार ते सहा प्रश्न. एका रविवारी त्याने चाळीसपैकी अठ्ठावीस मिनिटं एकाच सेटवर घालवली. सेट सुटला, चारही उत्तरं बरोबर आली. त्यामुळे त्याला त्यात गैर काही वाटेना.

“सुटला ना पण, मॅडम.”

मी त्याला एक कोरा कागद दिला आणि त्या अठ्ठावीस मिनिटांचा हिशोब लिहायला लावलं. कोणत्या मिनिटाला काय केलं, कुठे अडलं, परत कुठून सुरुवात केली. तो प्रामाणिक मुलगा. त्याने सगळं आठवून लिहिलं. पहिली तीन मिनिटं वाचन. मग तक्ता काढला. पाचव्या मिनिटाला दोन शक्यता निघाल्या, त्यातल्या एकीच्या मागे लागला. सहाव्या मिनिटापुढे त्याने लिहिलं होतं, ‘हे काही होत नाही असं वाटलं.’ त्यानंतर तीन वेळा तक्ता खोडून नव्याने काढलेला. मी सहाव्या मिनिटावर बोट ठेवलं आणि गप्प बसले. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत होता. सहाव्या मिनिटाला त्याला कळलं होतं, आणि तो उठला अठ्ठाविसाव्या मिनिटाला. शेजारचाच सेट, जो त्याने उघडलाही नव्हता, तो नंतर त्याने माझ्यासमोर बसून आरामात सोडवला.

त्या दिवसापासून हा कागद माझ्या शिकवण्याचा कणा झाला. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, किती दिल्या याला मी फार किंमत देत नाही. वीस मॉक देऊन त्यांचे फक्त मार्क वहीत टिपणाऱ्यापेक्षा पाचच मॉक देऊन प्रत्येकीचा असा मिनिटांचा हिशोब मांडणारा पुढे जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. हिशोबात दर वेळी तेच दिसतं. अडल्याचं मुलाला लवकर कळतं, त्यावर निर्णय घ्यायला मात्र तो फार उशीर करतो.

पालकांना हे समजावणं आणखी कठीण. ‘नव्वद पर्सेंटाइल’ म्हटलं की त्यांना शंभरातले नव्वद मार्क वाटतात. मग मी त्यांना सांगते की पर्सेंटाइल म्हणजे आपल्या मागे किती टक्के मुलं आहेत ते. अलीकडच्या कॅटमध्ये एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण मिळवणाऱ्यालाही ९९ पर्सेंटाइल मिळालेलं आहे. म्हणजे देशातल्या वरच्या एक टक्क्यात बसलेल्या मुलाच्या हातूनही निम्म्या पेपराचे गुण गेलेले असतात. हे ऐकल्यावर वडिलांचा चेहरा विश्वास न बसल्यासारखा होतो. दहावीला ९६ टक्के मिळवणाऱ्या मुलीला मी सांगते आहे की तुला निम्मा पेपर सोडता आला पाहिजे. त्यांना ते कसं पचावं?

प्रत्येक परीक्षेत सोडण्याची रीत मात्र निराळी असते. आपल्याकडची मुलं ‘एमबीएची एन्ट्रन्स’ असा एकच शब्द वापरतात आणि एकाच तयारीत सगळ्या परीक्षा देऊन बघतात. महाराष्ट्राच्या सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं. भागलं तर एका प्रश्नाला ४५ सेकंद. तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे इथे शेवटच्या मिनिटाला एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. जमत नाही तिथे अंदाजाने खूण करायची आणि पुढे पळायचं. कॅटमध्ये प्रत्येक भागाला चाळीस मिनिटं, ती संपली की तो भाग बंद, परत मागे जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायांच्या प्रश्नात चुकीला एक वजा. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर सरासरी हाती काही लागत नाही: चारांत एकदा तीन मिळणार, तीनदा एक-एक जाणार. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं जरी कळलं तरी पारडं आपल्या बाजूला झुकतं. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, तिथे चुकीला काही कापत नाहीत. हा हिशोब मी फळ्यावर मांडते तेव्हा कॉमर्सची मुलं लगेच पकडतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना वाटतं हे काहीतरी लबाडीचं आहे.

जीमॅटची गोष्ट या दोन्हींहून निराळी. साताऱ्याची एक मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करत होती. तिला युरोपातल्या बिझनेस स्कूलमध्ये जायचं होतं. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून विनाथांबा गाडीने यायची आणि शनिवारी पहाटे, मी सांगलीला निघण्याआधी, तासभर माझ्याकडे बसायची. जीमॅटमध्ये संगणक तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न निवडतो. बरोबर आलं तर पुढचा अवघड येतो, चुकलं तर सोपा. समोरचा प्रश्न सोडून पुढे जाताच येत नाही, काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. ती तयारी करत होती तेव्हा दिलेलं उत्तर मागे जाऊन बदलताही यायचं नाही. नोव्हेंबर २०२३ पासून परीक्षेचं स्वरूप बदललं. आता ४५ मिनिटांचे तीन भाग, एकूण ६४ प्रश्न, निबंध नाही, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तीन उत्तरं बदलण्याची मुभा. गुणांची पट्टीही २०० ते ८०० ऐवजी २०५ ते ८०५ झाली. पूर्वीचे ७०० म्हणजे आताचे साधारण ६४५. नवीन पट्टी माहीत नसल्यामुळे आपले गुण घसरले असं वाटून रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

या मुलीला गणित येत होतं. तिला छळत होते ते डेटा सफिशियन्सीचे प्रश्न. हा प्रकार जीमॅटचा खास. प्रश्न विचारतात, खाली दोन विधानं देतात, आणि उत्तर काढायला सांगतच नाहीत. एवढंच ठरवायचं, की उत्तर काढायला ही माहिती पुरते का. एक साधं उदाहरण देते. एक्स किती? पहिलं विधान, एक्सचा वर्ग ९ आहे. दुसरं, एक्स शून्यापेक्षा मोठा आहे. पहिल्यावरून एक्स ३ किंवा उणे ३, म्हणजे ठरत नाही. दुसऱ्यावरून काहीच ठरत नाही. दोन्ही एकत्र घेतली की ठरतं. इथे पेन खाली ठेवायचं. हे उदाहरण सोपं आहे म्हणून ठेवता येतं. पण जिथे समीकरणं मोठी असतात तिथे ही मुलगी दोन समीकरणं, दोन अज्ञातं, म्हणजे माहिती पुरते, हे कळूनसुद्धा शेवटपर्यंत सोडवत जायची. उत्तर १७ आलं की तिला समाधान वाटायचं, आणि १७ तर कुणी विचारलेलंच नसायचं. मी एकदा तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि पाठोपाठ अनेक प्रश्न नुसते तोंडी करून घेतले. लिहायचं नाही, फक्त ‘पुरतं’ किंवा ‘पुरत नाही’ एवढंच म्हणायचं. पहिला अर्धा तास ती अस्वस्थ होती. मग मोकळी झाली. पुढे तिने मला फोनवर सांगितलं, नोकरीतल्या मीटिंगमध्येही ती आता विचारते, निर्णय घ्यायला एवढी माहिती पुरते का? मला वाटतं, बिझनेस स्कूलवाल्यांना हा प्रश्नप्रकार का हवा असतो ते तिला माझ्याहून चांगलं समजलं.

माझ्या सुरुवातीच्या काळात सगळं कागदावर होतं. कॅट संगणकावर आली ती २००९ मध्ये. साताऱ्यातल्या माझ्या बहुतेक मुलांच्या घरी तेव्हा संगणक नव्हता. पोवई नाक्याजवळच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ती सराव करायची, आणि शेजारी कुणी मोठ्याने गाणी लावली तरी मान वर करायची नाही. एकाग्रता मला त्यांना शिकवावी लागली नाही.

सांगलीचा एक मुलगा मला गणित शिकवून गेला असं मी सगळ्यांना सांगते. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. सुट्टीत हाही पोत्यांच्या नोंदी करायला जायचा. सव्वीस क्विंटल चाळीस किलो, भाव साडेआठ हजार, असं म्हटलं की दोन लाख चोवीस हजार चारशे हे तो तोंडी सांगायचा, आणि ते कसं आलं हे विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. वडिलांना पावकी-निमकी पाठ, त्यांच्याकडून ते त्याच्या कानात उतरलेलं. असा मुलगा नफा-तोट्याच्या इंग्रजी गणितापुढे थिजून बसायचा. वस्तूवर खरेदीपेक्षा चाळीस टक्के जास्त किंमत छापली आणि पंचवीस टक्के सूट दिली, तर नफा किती? तो एक्स मानायचा, समीकरण मांडायचा, आणि मध्येच हरवायचा. मी त्याला म्हटलं, हे गणित आपल्या यार्डात घडलं असतं तर तू काय केलं असतंस?

“शंभराचा माल एकशेचाळीस सांगितला. चौथा हिस्सा सोडला. एकशेपाच आले.” तो थांबला. “पाच टक्के.”

त्या दिवसानंतर त्याने एक्स मानणं सोडलं. मी सोडवते त्याहून कमी वेळात तो सोडवू लागला. कॅटच्या पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, त्याला तो कधी लागला नाही. अशी मुलं आपल्या जिल्ह्यात किती असतील आणि ‘माझं गणित कच्चं आहे’ असं मनाशी धरून बसली असतील, या विचाराने मला फार वाईट वाटतं. गणित कच्चं नसतं. पुस्तकातल्या गणिताची भाषा त्यांची नसते, एवढंच.

इंग्रजी उताऱ्यांबद्दलही मला असाच अनुभव आला. माण तालुक्यातली एक मुलगी, मराठी माध्यमातून शिकलेली, बीकॉम. साताऱ्यात मावशीकडे राहून तयारी करत होती. पहिल्या दिवशी उतारा वाचताना तिने प्रत्येक अनोळखी शब्दाखाली रेघ मारली, आणि उतारा संपला तेव्हा पान रेघांनी भरलं होतं. शब्दांच्या याद्या पाठ करायचं तिच्या मनात होतं. मी तिला महिनाभर इंग्रजी वाचूच दिलं नाही. रोज नगर वाचनालयात जायचं, मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायचा आणि वहीत तीनच ओळी लिहायच्या: लेखकाचं म्हणणं काय, त्यासाठी त्याने पुरावा काय दिला, आणि कुठे त्याने पुरावा न देता नुसतं म्हणून टाकलं. पहिल्या आठवड्यात तिच्या तिसऱ्या ओळीत काहीच नसायचं. छापलेलं सगळं तिला पटायचं. मग हळूहळू ती ओळ भरू लागली. महिन्याअखेर एका अग्रलेखाखाली तिने लिहिलं होतं, ‘शेवटच्या परिच्छेदातला निष्कर्ष वरच्या दोन परिच्छेदांतून निघत नाही.’ मी तिला त्या दिवशी इंग्रजी उतारा दिला. अनोळखी शब्द तेवढेच होते. पण ती त्यांना ओलांडून पुढे जाऊ लागली, कारण लेखक कुठे निघाला आहे याकडे तिचं लक्ष होतं. उताऱ्यातला शब्द सोडून देणं हेही सोडणंच. वाद समजून घेण्याची ताकद मातृभाषेत आली तर दुसऱ्या भाषेत ती वेगळी मिळवावी लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही मी आता हाच पाठ देते. त्यांना मराठी अग्रलेख जड जातो, पण फायदा तोच होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या वर्गाच्या खोलीत पाणी शिरलं, सांगली नगर वाचनालयातली कितीतरी पुस्तकं भिजून गेली. मुलांची घरं, दुकानं, गोठे, सगळ्यांचीच दैना. त्या वर्षीची कॅट होती २४ नोव्हेंबरला. सांगलीवाडीचा एक मुलगा पूर ओसरल्यानंतर बरेच दिवस घरातला गाळ उपसत होता. वर्गात परत आला तेव्हा हातांना फोड होते आणि पुस्तकं एकही उरलेली नव्हती. तो म्हणाला, मॅडम, यंदा सगळा अभ्यासक्रम होणार नाही, काय टाकायचं ते सांगा. आम्ही दोघांनी बसून यादी केली. भूमिती जवळजवळ पूर्ण टाकली. अंकगणित आणि बीजगणित ठेवलं. उतारे ठेवले, तक्ते ठेवले. एरवी ज्या मुलाला अर्धं पुस्तक टाक म्हटलं तर झोप लागली नसती, त्याने पुराच्या गाळातून बाहेर आल्यावर ते शांतपणे केलं. त्या वर्षी माझ्या सांगलीच्या वर्गात सगळ्यात चांगला पर्सेंटाइल त्याचा आला. पुढच्या वर्षी, कोरडं असताना, मी सगळ्यांकडून ती यादी करून घेतली. तेव्हापासून दर वर्षी घेते.

मुलाखतीबद्दल थोडंच सांगते. लेखी परीक्षेनंतर मुलं पुण्या-मुंबईच्या मुलांसारखं बोलायचा प्रयत्न करतात आणि तिथेच त्यांची गाडी अडते. पलूसकडच्या एका मुलीला पॅनेलने तिच्या गावाबद्दल विचारलं. तिने किर्लोस्करवाडीचं सांगितलं: १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना आणि त्याभोवती गाव कसं उभं राहिलं, नांगर आधी आणि पंप नंतर कसा आला, आणि जवळच्याच भिलवडीत चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा धंदा कसा सुरू केला. पाठ केलेली व्याख्या एकही नाही. तिची निवड झाली. मुलांनी आपला तालुका नीट ओळखला तर मुलाखतीची अर्धी तयारी होते.

आता ज्याबद्दल बोलायला मला सगळ्यात जड जातं ते. प्रश्न सोडायला शिकवता येतं, पण परीक्षाच कधी सोडायची? अपशिंग्याकडचे एक निवृत्त सुभेदार एकदा सकाळी वर्गाबाहेर उभे होते. मुलगा आत मॉक देत होता.

“बाई, पोरगं तीन वरसं झालं बसतंय. नोकरीबी करीना. मी त्याला काय म्हनू?”

मुलाला आयआयएमच हवं होतं. तिन्ही वर्षं कॅटचा पर्सेंटाइल त्याच आकड्याभोवती फिरत होता. त्याच्या सीईटीच्या गुणांवर पुण्यातलं एक चांगलं कॉलेज आधीच्या दोन्ही वेळा सहज मिळत होतं, ते त्याने नाकारलं होतं. मी वडिलांना काही सांगितलं नाही. मुलाला आत बसवून तिन्ही वर्षांचे मिनिटांचे कागद त्याच्यापुढे मांडले आणि विचारलं, यात कुठे बदल दिसतो? त्याने तासभर बघितलं. म्हणाला, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षात दिसतो, दुसऱ्या आणि तिसऱ्यात नाही. त्या वर्षी तो सीईटीच्या केंद्रीभूत प्रवेशातून पुण्याला गेला. आज तो काय करतो हे सांगून मी या गोष्टीला गोड शेवट देणार नाही. निर्णय त्याने स्वतःचा पुरावा बघून घेतला, मला तेवढं महत्त्वाचं वाटतं.

कारण याच्या उलटही मी पाहिलं आहे, आणि ते मुलींच्या बाबतीत जास्त. खानापूर तालुक्यातली एक मुलगी दर मॉकला चढत होती. तिचे कागद मी आजही जपून ठेवले आहेत, कारण इतका स्वच्छ चढ मी क्वचित पाहिला. दिवाळीत स्थळ आलं, मुलगा चांगला होता, घरच्यांना उशीर नको होता. कॅटच्या आधीच तिने यायचं बंद केलं. तिचं थांबणं तिने ठरवलेलं नव्हतं. मी घरी जाऊन बोलले. त्यांनी चहा दिला, मान दिला, आणि ठरलेलं बदललं नाही. ती मुलगी हरली असं मी म्हणत नाही, तिचं पुढचं आयुष्य मला माहीत नाही. पण तिच्या चढत्या रेषेचं पुढे काय झालं असतं हे तिला बघायला मिळायला हवं होतं.

अलीकडे थोडं बदलतंय. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क २०२४ पासून सरकारने पूर्ण माफ केलं. ‘मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला’ हा प्रश्न त्यामुळे काही घरांत उरलेला नाही. राहण्या-जेवणाचा खर्च आहेच, आणि स्थळांचा प्रश्नही आहेच.

म्हणून आता जूनमध्ये नाव घालतानाच मी घरच्यांना सोबत बोलावते. किती वेळा परीक्षा द्यायची, किती पैसे घालायचे, कोणत्या कॉलेजच्या खाली जायचं नाही, मध्येच स्थळ आलं तर काय करायचं, हे सगळ्यांसमोर बोलून एका कागदावर लिहायचं. मुलाचं असो की मुलीचं, कागद सारखाच. सुरुवातीला पालकांना हे अवघड वाटतं. काही जण म्हणतात, चांगलं काम सुरू करताना थांबायचं कशाला बोलायचं? मी म्हणते, आत्ता बोललात तर शांतपणे बोलाल, डिसेंबरात बोलाल तर भांडाल.

गेल्या जूनमध्ये जतहून एक कुटुंब आलं होतं. वडिलांनी पेन घेतलं आणि लिहिलं, ‘दोन प्रयत्न.’ मुलगी म्हणाली, “पप्पा, पहिल्याच वेळी सीईटीला चांगलं कॉलेज मिळालं तर मी जाणार. दुसरी वेळ नको.” त्यांनी ते खोडून पुन्हा लिहिलं. स्थळाच्या ओळीपाशी येऊन ते थबकले. आईने कागद स्वतःकडे ओढला आणि लिहिलं, ‘निकाल लागेपर्यंत नाही.’ मग तिघांनीही खाली सह्या केल्या. मी झेरॉक्स काढून एक प्रत त्यांना दिली, एक ठेवून घेतली, आणि सोमवारची वेळ सांगितली.